कौठाळीच्या बेटावरचे तीळ

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांच्या गोष्टी लिहिणारी नाही. नांदेडला आमच्या मंडळाचं पत्रक निघतं. निघतं म्हणजे मीच स्टेन्सिल कापते, मीच यंत्राचा दांडा फिरवते आणि कोपरापर्यंत शाई लावून घेते. देवी अंगात येण्याविरुद्ध त्यात मी असं काही लिहिलं होतं की खुद्द माझ्या आईनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा पुढे वाचाल ते मी पाहिलं तसं आहे. त्यातलं काही मला समजलेलं नाही, आणि समजल्याचा आव मी आणणार नाही.

कौठाळी हे गाव दोनदा बुडालं. एकदा पाण्यात, एकदा कागदांत. जुनी कौठाळी कंधार तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. तलाव झाला, गाव त्याखाली गेलं आणि माणसांना उचलून पलीकडच्या काठावर बसवलं. तो काठ उस्मानाबाद जिल्ह्यात. मग उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघाला. कमानी लागल्या, पेढे वाटले, भाषणं झाली. त्या गडबडीत नव्या कौठाळीचे कागद उस्मानाबादेहून निघाले ते लातुरात पोचलेच नाहीत. तेवढ्यात दुष्काळ आला. तो मात्र पत्ता न विचारता पोचला.

दुष्काळी गावांच्या यादीत कौठाळीचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणजे टँकर नाही, रोजगार हमीचं काम नाही, चारा नाही. का नाही, तर गावात पीक उभं आहे असा शेरा. कोणतं पीक? तीळ. कुठे? तलावातल्या बेटावर. जमीन नांदेडची, माणसं लातूरची, आणि पीक म्हणे या माणसांचं! हे ऐकलं, माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि मी झोळी उचलली.

मंगळवार, नवी कौठाळी

कंधारच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. त्यात जनावरं सोडून दिली होती, पण तीही तोंड लावत नव्हती. मग एका चढावरून तलाव दिसला. तलाव कसला, तळाला उरलेलं, पिता न येणारं गढूळ पाणी, भोवती भेगाळलेला गाळ आणि मधोमध एक उंचवटा. त्या उंचवट्यावर हिरवट पिवळं, दाट असं काहीतरी उभं. अख्ख्या मुलखात तेवढंच उभं. बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरातली सगळी माणसं एका आजारात गेली आणि एकच टुणटुणीत राहिला, तर त्याच्याकडे बघताना कसं वाटेल, तसं वाटलं.

गुंडप्पांनी पोस्टकार्ड टाकून मला बोलावलं होतं. गावात त्यांचं किराणा दुकान आणि तेलाचा घाणा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आवाज मोठा. त्यांच्याच ओसरीवर जेवायला बसले. कडक भाकरी, हुलग्याचं माडगं, आंबाडीची भाजी. शेजारी गोजरबाई येऊन बसल्या. सत्तरी गाठलेल्या, वाळक्या, डोळे सुईसारखे. जुन्या कौठाळीत कुणाचं घर कुठे होतं हे तोंडपाठ असलेल्या त्या आता एकट्याच, असं गुंडप्पांनी सांगितलं.

मी झोळीतून आईनं दिलेली तिळाची चटणी काढली. टिकते म्हणून आमच्याकडे प्रवासाला हीच बांधून देतात. सगळ्यांपुढे डबा धरला. कुणी हात पुढे केला नाही. गुंडप्पांची सून हातातली भाकरी ताटात ठेवून आत निघून गेली.

"कुठले तीळ हायेत हे?" गोजरबाईंनी विचारलं.

"नांदेडचे. आईनं केलीय चटणी."

"मंग खावा तुम्ही. तुमचं चालतंय."

"आणि तुमचं नाही चालत?"

"आमच्या गावात तीळ खात न्हाईत, ताई," गुंडप्पा म्हणाले. "घाणा माझा हाय, पर तीळ न्हाई घालत. करडी गाळतो, जवस गाळतो. संक्रांतीला बी शेंगदाण्याचेच लाडू."

मग कारण कळलं. गाव सोडायच्या दिवशी पाणी वेशीशी आलं, तेव्हा काय करायचं ते कुणाला सुचेना. माणूस गेला तर काय करतात ते ठाऊक होतं. गाव गेलं तर? एकानं मेलेल्याला देतात तसे काळे तीळ आणि पाणी ओंजळीत घेतलं आणि आपल्या उंबऱ्यावर सोडलं. एकानं सोडलं म्हणून सगळ्यांनी सोडलं. तेव्हापासून दर मृगात, तलाव भरायच्या आधी जुनं गाव उघडं पडलेलं असतं तेव्हा, घरटी एक माणूस तिकडे जातो आणि आपल्या दारात तीळ सोडून येतो. मग पाणी चढतं आणि सगळं झाकून टाकतं. फक्त माथ्यावर उघड्या राहणाऱ्या तुकड्यात चार-दोन ताटं उगवतात आणि आपोआप झडतात.

"यंदा बी सोडले," गोजरबाई म्हणाल्या. "दोन सरी आल्या. पाणी काही चढलं न्हाई. मंग तिळानं काय करावं? उगवले." आणि त्या हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

"तुम्हीही सोडता?" मी गुंडप्पांना विचारलं. "तुमच्यात तर हे तिळाचं नसतं."

"न्हाई ना. आमच्यात पुरतेत. पर घर माझं बी बुडालं की."

मी हात धुतले आणि सुरू झाले. म्हटलं, त्या तिळांपायी तुमची बायकामाणसं दोन कोसांवरून पाणी आणतात. उद्याच्या उद्या कापून टाका, शेरा आपोआप रद्द होईल.

"दुसऱ्याच्या दारातलं कुणी कापत न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "कापायचं न्हाई, आन् सोडायचं बी आपल्या दारात आपणच. दुसऱ्यानं सोडलं तर ते दाराला लागत न्हाई. माणसाला लागतंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्यो माणूस गेला म्हणून सोडल्यावानी."

"अहो, तहानेनं मरायची पाळी आलीय आणि तुम्ही काय घेऊन बसलात!"

"लई बोलता तुम्ही," गोजरबाई म्हणाल्या. "पाणी प्या." आणि त्यांनी माझ्यापुढे पेला सरकवला. पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते त्यांनीच डोक्यावरून आणलेलं होतं. मी पेला संपवला.

बुधवार, लातूर

अहमदपूरवरून लातूर गाठलं. नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता. एका कचेरीत टेबलांपेक्षा गठ्ठे जास्त होते, आणि गठ्ठ्यांच्या मागे एक कारकून.

"कौठाळी? ती नांदेडची ना?"

"होती. आता तुमची आहे."

"आमच्याकडं आली न्हाई अजून."

"गाव म्हणजे माहेरी गेलेली सून आहे का हो, यायला?"

तो हसला. माणूस भला निघाला. दुपारभर गठ्ठे उपसून त्यानं शेरा शोधून दिला. तलाठी काठावर उभं राहून बेट बघून गेला होता. पाण्यात उतरायला भ्याला असणार. 'तीळ, उभे पीक, बरे.' चार शब्दांत एक गाव निकालात!

भांडून मी फेरपंचनामा मिळवला. महसूलचे सर्कलसाहेब शुक्रवारी येणार. अट एकच, जे लिहिलं जाईल त्याखाली गावच्या पाच पंचांचे अंगठे हवेत. अंगठे नसतील तर जुना शेरा कायम. एसटीत बसल्या बसल्या मी मजकूर तयार केला: 'बेटावर पीक नाही, केवळ तण आहे.' स्वतःवर खूष झाले. पत्रकं लिहून लिहून एका वाक्यात काम संपवायची सवय झालेली असते.

गुरुवार, बेट

आमच्याकडे नदी ओलांडायला होडी असते. कौठाळीत कढई. ऊसच नाही, तेव्हा गुळाची रिकामी कढई पाण्यात सोडलेली. ती चालवणारा लक्ष्मण भोई. मी, गोजरबाई आणि तो, तिघं तिच्यात उकिडवे बसलो. तळाला अजून काकवीचा वास येत होता.

"हलू नका," लक्ष्मण म्हणाला. "कढईला तोंड नसतंय. तिला वाटलं तिकडं जाती."

"मग आपण पोचणार कसे?"

"तिला वाटलं तर."

माझ्या झोळीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि गुंडप्पांच्या गोठ्यातून न विचारता घेतलेला विळा.

बेट म्हणजे जुन्या गावाची पांढरी. गाव शेकडो वर्षं जिथे वसतं तिथली माती अशी फिकी, राखेसारखी होते. खाली उतरले आणि आधी आवाज आला. ऐन दुपार, वारा नाही, पान हलत नाही, आणि चहूकडून टिक्, टिक्, टिक्. तिळाची बोंडं वाळली की तोंडाशी उकलतात, दाणे झडतात. हे मला माहीत आहे. एरवी शेतकरी तशी वेळ येऊच देत नाही. बोंडं पिवळी पडली की कापून पेंढ्या उभ्या करतो आणि मग कापडावर उलट्या धरून झटकतो. इथे कापणारं कुणी नव्हतं. हजारो बोंडं आपापल्या वेळेनं उघडत होती. डोळे मिटले तर वाटावं, आसपास पुष्कळ माणसं हलक्या हातानं कड्या काढताहेत.

मग माझ्या ध्यानात आलं की तीळ सरसकट उगवलेले नाहीत. छातीएवढ्या उंच ओळी होत्या. ओळी काटकोनात वळत होत्या. मध्ये चौकोनी मोकळ्या जागा, स्वच्छ, गवताची काडी नाही. प्रत्येक चौकोनाला एका बाजूला हातभर रुंद फट. दोन ओळींच्या मधून बोळ गेलेले. मी गावात उभी होते. घरं, खोल्या, गोठे, पार. सगळं तिळांनी उभं केलेलं.

गोजरबाई माझ्यापुढे चालत होत्या. ओळ तुडवून जाणं सोपं होतं, पण त्या वळसा घालून प्रत्येक फटीशी जायच्या आणि थांबायच्या.

"रामजी, हायेस का रं?" थोडं थांबून पुढे. "काशी, हायेस का गं?"

"कुणाशी बोलताय?"

"बोलत न्हाई. इचारून राहिले. न इचारता दुसऱ्याच्या घरात शिरायचं का?"

मी त्यांना समजावून सांगितलं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या, तिथली माती भुसभुशीत. जमिनी वर्षानुवर्षं चोपून सारवलेल्या, दगडासारख्या. वाऱ्यानं पसरलेलं बी फक्त भिंतींच्या जागी रुजलं. यात चमत्कार काही नाही.

"तेच म्हणते मी," गोजरबाई म्हणाल्या. "भिंती हायेत."

मला राग आला. स्वतःचा आला, पण काढला तिळांवर. विळा काढला आणि समोरची ओळ कापायला घेतली. एक फटका, दोन, दहा. दाणे माझ्या पावलांवर पावसासारखे सांडले.

आणि तो टिक् टिक् आवाज थांबला. सगळीकडचा. एकदम.

कढईपाशी विडी ओढत बसलेला लक्ष्मण धावत वर आला. "काय झालं?" त्यानं काही पाहिलं नव्हतं. आवाज थांबला म्हणून आला होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दूर कुठेतरी एक बोंड उकललं. मग दुसरं. मग पहिल्यासारखं.

"म्हादबाच्या भिंतीला भगदाड पाडलंत," गोजरबाई म्हणाल्या. रागानं नाही, शेजारणीनं सांगावं तसं. "लई लाजरा माणूस व्हता. आता घर उघडं पडलं त्याचं."

मी विळा झोळीत टाकला. हात दुखतोय म्हणाले. हात दुखत नव्हता. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, झोळीतून पत्रकं उडाली, ती गोळा करता करता माझी फटफजिती झाली आणि तिघंही हसलो. हसायला मिळालं म्हणून फार बरं वाटलं.

शुक्रवार, पंचनामा

सर्कलसाहेब जाडजूड, छत्रीवाले. कढईत बसताना त्यांनी तीन देवांची नावं घेतली. दोन फेऱ्यांत आम्ही सगळे पोचलो. साहेब, मी, गोजरबाई, गुंडप्पा आणि तीन पंच. चौथ्या पंच गोजरबाईच. पाचवा लक्ष्मण.

मी माझं वाक्य वाचून दाखवलं. साहेबांना पसंत पडलं. शाईचा पॅड उघडला. कुणीच अंगठा पुढे करेना.

"तण कसं लिवायचं?" गुंडप्पा म्हणाले. ते उभे होते ती त्यांच्याच घराची फट होती. "माझ्या दारात तण हाय का?"

"बरं, मग पीक लिहू?" साहेब म्हणाले.

"पीक बी न्हाई. पीक खायाला असतंय."

"पीक नाही, तण नाही, मग आहे काय हे?" साहेबांनी पॅड मिटला. "बाई, माझा दिवस फुकट घालवलात. जुना शेरा राहील." आणि ते समोरच्या ओळीतून घुसून तडक पाण्याकडे निघाले.

हमीचं काम, टँकर, चारा, सगळं त्या छत्रीबरोबर चाललं होतं. मी ओरडणार होते. माझ्याआधी गोजरबाई बोलल्या.

"साहेब, तिकडून नका. भिंत हाय. दारातून या."

आवाजात विनंती नव्हती. घरच्या म्हाताऱ्या बाईनं पाहुण्याला सांगावं तसं होतं ते. साहेब थबकले. वळले. आणि बघता बघता तो एवढा मोठा माणूस फटीतून आत आला. गोजरबाई पुढे, साहेब मागे. "हे रामजीचं. ही चूल. हितनं गोठ्यात." दुसऱ्या घराशी साहेबांनी छत्री मिटली आणि मान खाली घातली, वर ठेंगणी चौकट असावी तशी. तिसऱ्या घराशी त्यांनी बूट काढले. कुणी काढा म्हणालं नव्हतं.

बोंडं उकलत होती. साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं. मागे आम्हीच होतो.

"हे गावठाण आहे," ते हळू म्हणाले. "गावठाणात पीक धरत नाहीत." मग तिथेच मांडी घालून त्यांनी लिहायला घेतलं. पीक नाही, जुने गावठाण, सोबत घरांचा नकाशा. गोजरबाई नावं सांगत गेल्या, साहेब चौकोन काढत गेले. चार पंचांचे अंगठे उमटले. मला माझ्या वाक्याची लाज वाटली. गावात दोन दिवस राहूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी पाण्याच्या अंगाला एक घर राहिलं. लहान, एकाच खोलीचं, दार तलावाकडे. गोजरबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच गप्प झाल्या.

"हे कुणाचं?" त्यांनीच आम्हाला विचारलं.

कुणाला ठाऊक नव्हतं. गुंडप्पा म्हणाले, इथं घर नव्हतं, इथून नुसता उतार होता.

"काल बी नव्हतं," लक्ष्मण म्हणाला.

"काल आपण या बाजूला आलोच नव्हतो," मी म्हटलं.

"आलो व्हतो, ताई. कढई हितंच लावली व्हती."

आजही माझं म्हणणं तेच आहे, आलो नव्हतो. त्याचंही म्हणणं तेच आहे.

आत, चोपलेल्या जमिनीच्या मधोमध, माझ्या पत्रकाचा एक कागद पडला होता. वाऱ्यानं उडालेला असणार.

"लवकर सांगा," साहेब म्हणाले. त्यांना निघायचं होतं. "नाव नसलेलं घर ठेवता येत नाही. नकाशा अपुरा राहतो."

गोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जावा, तुमचा कागद घेऊन या."

मी ओळीवरून पाय टाकणार, तोच त्या म्हणाल्या, "दारातून."

मी दारातून गेले. बाहेर पाय भाजत होते. आत जमीन गार होती. नुकतं सारवून झाल्यासारखी गार. कागद उचलला आणि बाहेर आले, जरा घाईनंच.

"कागद तुमचा, घर तुमचं," गोजरबाई म्हणाल्या. "ह्यांचंच लिवा, साहेब."

पंच हसले, सुटल्यासारखे हसले. साहेबांनी माझं नाव विचारलं नाही, फेरपंचनाम्याच्या अर्जावर होतंच. बापाच्या नावासकट त्यांनी ते चौकोनात लिहून टाकलं. मी हरकत घेऊ शकत होते. खाडाखोड झाली असती, पंचनामा नव्यानं करावा लागला असता, आणि साहेब पुन्हा कढईत बसले असते असं मला वाटत नाही. मी तोंड उघडलं नाही. गोजरबाईंनी पाचवा अंगठा उमटवला.

नांदेड

कौठाळी यादीत आली. टँकर आला, रस्त्याचं काम निघालं, गुंडप्पांचं कार्ड आलं की टँकरवाला उर्मट आहे पण येतो. मी 'कौठाळीचा विजय' म्हणून पत्रक काढलं. त्यात शेवटच्या घराचा उल्लेख केला नाही. पत्रकात सगळंच कशाला लिहायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. नकाशातून नाव काढण्याचा अर्जही लिहिला होता. तो वहीतच आहे.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण म्हणजे काल आलेलं कार्ड. अक्षर गुंडप्पांचं, बोलणं गोजरबाईंचं. जसंच्या तसं देते.

'आभाळ भरून हाय. वरल्या अंगाला लई पडलं म्हणत्यात, तळ्यात पाणी चढून राहिलंय. सगळ्यांनी आपापल्या दारात तीळ सोडले. म्हादबाला कुणी न्हाई, पर त्याचा भाचा आला व्हता. तुमच्या दारातले तेवढे राहिले. चार-पाच दिवसांत पाणी उंबऱ्याला लागंल. तुम्ही येता, का आम्हीच सोडावं?'

वाचून मी हसले. आईला वाचून दाखवलं. आई हसली नाही. मग मी ते पुन्हा वाचलं, शेवटची ओळ दोनदा वाचली. गोजरबाईंचं 'माणसाला लागतंय' आठवलं.

स्टेन्सिलवर नवं पत्रक अर्धं कापून ठेवलं आहे, विषय अंधश्रद्धाच आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यावा असं मला वाटत नाही. आई सवयीनं डब्यात चटणी भरायला लागली होती. मी म्हटलं, ती नको, मूठभर काळे तीळ दे, कोरडेच.

सकाळच्या पहिल्या कंधार गाडीनं निघते आहे.